केळीचा चीक

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कापसाच्या दुसऱ्या वेचणीच्या सुमारास, पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात, माझ्या थोरल्या भावाने स्वतःच्या औषधातला निम्मा वाटा वहिनीला द्यायला सुरुवात केली. सकाळच्या गोळ्या तो घेई, संध्याकाळच्या ती. औषध एचआयव्हीचं होतं. घरातल्या तिसऱ्या माणसाला ही वाटणी ठाऊक नव्हती.

आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. आबा डाळमिलमध्ये वजनकाट्यावर होते, म्हणून जळगावला आलो आणि पिंप्राळ्यात राहिलो. घर दोन खोल्यांचं, मागे पत्र्याची पडवी. पडवीत आई आणि सुनंदावहिनी कच्च्या केळीचे वेफर्स तळत. किसणी कढईवर आडवी धरायची आणि सोललेलं केळं तिच्यावरून सरळ तेलात ओढायचं. चकत्या तेलात पडल्या की आधी मोठा आवाज होई, मग बुडबुडे कमी होत जात आणि आवाजही बारीक होई. तो आवाज पूर्ण बसला की झारा घालायचा. मी बी.एस्सी.ची पुस्तकं घेऊन आतल्या खोलीत बसलेली असे, आणि घाणा कधी उतरणार हे मला न बघता कळे. केळी सोलताना चीक निघतो. हाताला लागतो तेव्हा तो पाण्यासारखा असतो, वाळला की काळा पडतो. कपड्यावर पडला तर कपडा फाटेपर्यंत डाग राहतो. आई आणि वहिनी हाताला तेल लावून बसत, तरी बोटं काळवंडतच. आमच्या गल्लीत चार घरी हेच काम चाले, त्यामुळे काळ्या बोटांकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नसे.

आईच्या घरात एकट्याने काही खायची पद्धत नव्हती. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा शेवटचा चतकोर उरला तर त्याचेही तुकडे होत. भरिताच्या वांग्याचं देठ कुणाला, यावर आम्ही भावंडं भांडायचो, म्हणून तिने पाळी लावून दिली होती. औषधालाही हाच नियम होता. एकाला खोकला झाला की काढा सगळ्यांना. दादाला कावीळ झाली होती तेव्हा मोसंबी आणली, तर आईने ती सोलून फोडी पाचही जणांच्या हातावर ठेवल्या. आबा म्हणाले, "अवं, आजारी तो शे. आम्हले कसाले?" आई म्हणाली, "त्याले एकट्याले दी तं त्याले वाटी, मीच एकटा आजारी शे." या बोलण्यात वैद्यकीय तथ्य नाही. पण त्या घरात आजारी माणूस कधी भिंतीकडे तोंड करून पडला नाही, हेही नोंदवायला हवं.

दादा म्हणजे सुधाकर. प्लॅस्टिकच्या पाइपच्या कारखान्यात तो फिटर होता. आधी त्याच्या कमरेवर नागीण उठली. ती बरी झाली तर खोकला लागला, तो क्षयाचा निघाला. क्षयाचा कोर्स पुरा झाला तरी अंग भरेना. मग रक्ताची तपासणी झाली, त्याची आणि पाठोपाठ वहिनीची. दोघंही बाधित निघाले. आबांना आजाराचं नाव सांगितलं, आईला "रक्ताचा आजार" एवढंच. तो आला कुठून, हे घरात कुणी विचारलं नाही. पुढे मी वर्तमानपत्रात गेले, चौकशी करणं हाच माझ्या पोटाचा उद्योग झाला, तरी हा प्रश्न मी दादाला आजवर विचारलेला नाही.

उपचार धुळ्याला सुरू झाले. जळगावात डॉक्टर नव्हते असं नाही. पण जळगावात ओळखीचे लोक होते. एसटीने एरंडोल, पारोळा करत दादा, वहिनी आणि मी धुळ्याला जायचो. धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात, तशा एका गल्लीत डॉक्टरांचा दवाखाना होता. मुंबईला शिकून आलेले, पन्नाशीचे, हळू बोलणारे गृहस्थ. या आजाराच्या रुग्णांना ते गुरुवारी दुपारी बघत. पहिल्याच गुरुवारी आम्ही आत शिरलो, तर बाकावर पिंप्राळ्याचे रमेशनाना बसलेले. आमच्या घराच्या मागच्या गल्लीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दोन्ही बाजूंना पळायला वाट नव्हती.

नानांनी आधी तोंड उघडलं. "दात दाखाडाले उनू, भाऊ."

दादा माझ्याकडे हात करून म्हणाला, "आम्ही कपडा लेवाले उनू. शोभाले पंजाबी ड्रेस."

दवाखान्यात ना दात काढायची खुर्ची होती, ना कापडाचं दुकान. नाना गंभीरपणे म्हणाले, "धुयाना कपडा चांगला ऱ्हास." मग त्यांचा नंबर आला आणि ते आत गेले. बाहेर येताना त्यांनी उगाच गालावर हात धरला होता. वहिनीने पदर तोंडात कोंबला. तपासणीचा कागद आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

आजाराशी लढणाऱ्या पेशी दोघांच्या किती उरल्यात, हे मोजायला डॉक्टरांनी रक्त मुंबईला पाठवलं. पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं की दादाच्या पेशी फार उतरल्या आहेत, त्याला औषध आताच सुरू करावं लागेल. वहिनीच्या पेशी चांगल्या होत्या, तिला अजून गरज नाही. त्या काळी हीच रीत होती. औषधं थोडी होती, त्रास देणारी होती, म्हणून शरीर स्वतः लढतंय तोवर थांबत. आता निदान झालं की लगेच सुरू करतात. हे मी आज लिहू शकते, पण त्या दिवशी डॉक्टर चुकले असं म्हणता येणार नाही.

औषध काय करतं, हे मी विचारलं. डॉक्टरांनी वहिनीच्या गळ्यातल्या पोतीकडे बोट दाखवलं. "तुम्ही जळगावचे, सोनाराचं काम पाहिलं असेल. साखळी कशी करतात? एका कडीत दुसरी, दुसरीत तिसरी. हा विषाणू शरीरातल्या पहारेकरी पेशीत शिरतो आणि तिथे स्वतःची एक साखळी ओवायला बसतो. ती पुरी झाली की पेशीच्या मूळ साखळीत जोडून देतो. मग ती पेशी आपली राहत नाही, त्याचाच कारखाना होते. ही गोळी म्हणजे खोटी कडी. दिसायला खरीसारखी. विषाणू ती उचलतो, ओवतो, आणि फसतो. तिला पुढची कडी अडकवायला जागाच नाही. साखळी तिथेच संपली."

"मग मरतो तो?" दादाने विचारलं.

"नव्या पेशीत त्याचं बस्तान बसत नाही. आधीच ज्यांत बसलाय, तिथे तो राहतो. म्हणून गोळी थांबवायची नाही. आणि खोट्या कड्या रक्तात कायम भरपूर हव्यात. कमी पडल्या तर खरी कडी त्याच्या हाती लागते."

झिडोव्हुडिन आणि लॅमिव्हुडिन, अशा दोन खोट्या कड्या होत्या. दोन्ही सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या.

पहिले काही आठवडे वाईट गेले. दादाचं डोकं दुखे, मळमळे. शेवभाजीची फोडणी पडली की तो अंगणात जाऊन उभा राही. शेवभाजी त्याचा जीव की प्राण, म्हणून आईने आमची सगळ्यांचीच बंद केली. मग हळूहळू मळमळ ओसरली. भूक लागू लागली. एका रविवारी त्याने स्वतः बाजारातून शेव आणली आणि आईपुढे पुडा ठेवला. नवं भोक पाडून बांधलेला पँटचा पट्टा परत जुन्या भोकावर आला. त्याच्या अंगठ्यांच्या नखांवर निळसर काळी उभी रेघ उमटली होती. या औषधाने असं होतं, त्याने काही बिघडत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

वाटणी सुरू झाली ती याच चांगल्या दिवसांत. दोन-तीन महिन्यांनी दादाचं वजन परत उतरायला लागलं. तोंडात पांढरे चट्टे आले. तो कामावर जाई, येई, आणि आल्यावर लवंडे. आबा म्हणत, थंडीमुळे असेल. त्याच दिवसांत वहिनीची नखं काळी पडली. आईने ती लिंबाने घासली, मग खोबरेल लावून घासली. चीक निघत नाही म्हणून ती वहिनीवर वैतागली. "हाताले तेल न लावता बसनी व्हशी. आते भोग." वहिनीने पुढचं केळं सोलायला घेतलं. नखं तशीच राहिली.

त्या गुरुवारी डॉक्टरांनी दादाला तपासलं, तोंड उघडायला लावलं, आणि पेन खाली ठेवलं. "गोळ्या चुकतात का?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, नाही, एकही पाकीट उरत नाही. ते खरंच होतं. डॉक्टरांनी वहिनीला पाण्याचा पेला पुढे करायला सांगितलं. तिने तो दिला. त्यांनी पेला टेबलावर ठेवला आणि तिचा हात धरून खिडकीकडे वळवला.

"हे काय?"

"केळीचा चीक आहे," मीच सांगितलं. "त्या वेफर्स करतात."

"चीक बोटांना लागतो, चामडीला लागतो. नखाच्या मुळातून सरळ रेघ होऊन वर येत नाही." त्यांनी दादाचा अंगठा तिच्या अंगठ्याशेजारी ठेवला. दोन्ही रेघा एकसारख्या होत्या. "वहिनी, तुम्ही कोणती गोळी घेताय?"

वहिनीने दादाकडे बघितलं आणि दादाने जमिनीकडे.

"मी नको म्हणत होते," ती म्हणाली. "ते म्हणाले, तू घेतली नाही तर मीही घेणार नाही."

दादा म्हणाला, "आजार एकच. ती संध्याकाळी ताट वाढते आणि मी तिच्यासमोर गोळी गिळतो. ती नुसती बघते. डॉक्टरसाहेब, घास उतरत नव्हता. आमच्या घरात असं नाही चालत." मग त्याने काढ्याचं सांगितलं, मोसंबीचं सांगितलं. मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखं सगळं क्रमाने सांगत होता.

डॉक्टर रागावले नाहीत. "काढा वाटून प्यायला तर फार तर खोकला दोन दिवस उशिरा जाईल. इथे तसं नाही. निम्म्या औषधात विषाणू मरत नाही, शिकतो. खोटी कडी कुठली आणि खरी कुठली, हे त्याला ओळखता यायला लागतं. तुम्हाला वाटलं तुम्ही दोघांनी वाटून खाल्लं. ताटावर तिसरा बसला होता, सुधाकरराव. सगळ्यांत जास्त त्यानेच खाल्लं."

"म्हणजे आता हे औषध चालणार नाही?" मी विचारलं.

"आज सांगता येत नाही. रक्त मुंबईला पाठवतो. तोवर त्यांनी पूर्ण मात्रा घ्यायची, यांनी पूर्ण बंद करायची."

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले होते. पारोळ्याला शेंगदाणे विकणारी बाई चढली. दादाने पुडी घेतली, उघडली, आणि सवयीने तिचे तीन वाटे केले. वहिनी म्हणाली, "हे तरी वाटलं तर चालतं ना, का डॉक्टरला विचारायचं?"

रिपोर्ट येण्याआधीच दुसरं संकट आलं. निम्म्या मात्रेने जे झाकलं गेलं होतं ते पूर्ण मात्रेने उघडं पडलं. हाडांच्या आतला मगजही रक्त तयार करताना अशाच साखळ्या ओवतो. झिडोव्हुडिनची खोटी कडी काही जणांच्या मगजातही अडकते, आणि रक्त बनणं मंदावतं. दादा पांढरा पडला. जिना चढताना थांबू लागला. कारखान्यात शिडीवरून उतरताना त्याला भोवळ आली. सोबत्याने धरलं म्हणून डोकं वाचलं. धुळ्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या पापणीखाली बघितलं आणि रक्त चढवायला सांगितलं. माझा आणि दादाचा गट एक निघाला. मी रक्त दिलं. आबांचं वय बसत नव्हतं, तर ते पलंगाच्या कडेला उभे राहून बाटलीकडे बघत होते. म्हणाले, "लहानपणी हिनं पेन्सिल दिली नव्हती त्याले." दादा डोळे मिटूनच हसला.

रिपोर्ट आला. दादाच्या पेशी आणखी उतरल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, जुन्या जोडीवर आता भरवसा ठेवता येणार नाही. झिडोव्हुडिन तर रक्तामुळेही बंद करावं लागणार होतं. त्यांनी तीन नवी औषधं लिहिली. दोन पूर्वीच्याच जातीची, पण वेगळ्या घडणीच्या खोट्या कड्या; त्यांतली एक स्टाव्हुडिन. तिसरं, इंडिनाव्हिर, पूर्ण वेगळं. ते परदेशातून येई. त्या बाकावरच्या बऱ्याच जणांना ते परवडलं नाही. आम्हाला परवडलं, कारण आबांनी गावाकडचं शेत विकलं. त्याबद्दल घरात पुढे चर्चा झाली नाही.

तिसरं औषध कसं चालतं, हे दादाला लगेच कळलं. डॉक्टर म्हणाले, "विषाणूचा माल आधी एकसंध लांब पट्टीत निघतो. मग त्याचे तुकडे कापले की नवा विषाणू तयार होतो. हे औषध त्या कात्रीत अडकून बसतं."

दादा म्हणाला, "म्हणजे पाइप सुरू आहे आणि कटर जाम."

"अगदी तसंच."

"मग माल निघेल, पण कामाचा नाही. भंगारात." एवढ्या महिन्यांत तो पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकून बसला.

या नव्या औषधांचीही किंमत होती. इंडिनाव्हिर रिकाम्या पोटी घ्यायचं आणि दिवसभर पाणी पीत राहायचं, नाहीतर त्याचे खडे मूत्रपिंडात जमतात. जळगावचा मे महिना, आणि पिंप्राळ्याला नळ एक दिवसाआड. नळ आला की पहिला हंडा दादाचा भरे, मग बाकीचा संसार. तरी एकदा त्याला कळ आलीच, आणि तो पडवीत पोट धरून गुडघ्यांवर बसला. स्टाव्हुडिनने पावलांची आग होऊ लागली. निखाऱ्यावर चालल्यासारखं वाटतं, असं तो म्हणे. आई त्याच्या तळव्यांना एरंडेल लावून काशाच्या वाटीने घाशी. वाटी फरशीवर टेकली की बारीक घुमे. त्या उन्हाळ्यात दुपारचा माझ्या कानातला आवाज तोच आहे. पुढे गाल बसले, हातापायांच्या शिरा वर आल्या. हेही औषधानेच होतं. नंतर चांगली औषधं आली तेव्हा स्टाव्हुडिन बदललं, पण गाल पुरते भरले नाहीत.

आईला आजाराचं नाव मी त्याच उन्हाळ्यात सांगितलं. कारण तिला नियम सांगायचा होता आणि नियमाला कारण लागतं. तिने सगळं ऐकून घेतलं. खोटी कडी, तिसरा जेवणारा, सगळं. मग तिने विचारलं, "सुनंदाले कव्हय देतीन?" लागेल तेव्हा तिचं तिला वेगळं मिळेल, मी म्हटलं. ती उठली आणि फडताळातून हळदीकुंकवाच्या दोन जुन्या पितळी डब्या काढल्या. चिंचेने घासल्या. एक दादाच्या ताटाच्या बाजूला ठेवली. दुसरी रिकामी, वहिनीच्या ताटाच्या बाजूला. त्या दिवशी पंगत बसली तेव्हा ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भाकर वाटीसन खावानी. गोयी ज्यानी त्याले." वहिनीची डबी पुढे दोन वर्षं रिकामी राहिली. रोज घासली मात्र जाई. मग तिच्या पेशी उतरल्या आणि तिचं स्वतःचं औषध सुरू झालं, पहिल्या दिवसापासून तिन्ही, पूर्ण मात्रेत.

बातमीच्या टेबलावर असताना या आजारावर शेकडो मजकूर माझ्या हाताखालून गेले. त्यांत मृत्यू असत, आकडे असत, आणि बऱ्याचदा "विळखा" हा शब्द असे. तो मी कापत असे. पितळी डबीविषयी लिहिलेला मजकूर कधी आला नाही, म्हणून हे प्रकरण लिहिलं.

काही वर्षांनी औषध सरकारी केंद्रातून मोफत मिळू लागलं. आता दोघांनाही रोज थोड्याच गोळ्या लागतात. धुळ्याचे डॉक्टर निवृत्त झाले. रमेशनाना भेटले की दादा विचारतो, "नाना, दात कसा शेतस?" नाना म्हणतात, "बठ्ठा शाबूत. तुन्हा कपडा?" याच्यापलीकडे त्या विषयावर दोघं आजवर बोललेले नाहीत. आबा आणि आई गेले. डब्या दादाकडे आहेत.

गेल्या महिन्यात दोघांचा तपासणीचा अहवाल आला. दादाच्या रक्तात विषाणू मोजता येण्याइतका आढळला नाही. वहिनीच्याही आढळला नाही. परवा मी पिंप्राळ्याला गेले तेव्हा ती पडवीत केळी सोलत होती. तिची बोटं आणि नखं काळी होती. काम झाल्यावर तिने लिंबू कापून नखांवर चोळलं. चीक निघाला.